उतरलेले कपडे

मराठीत साडी नेसतात, सदरा घालतात, फेटा बांधतात. परंतु पुरुषाने स्त्रीचे कपडे अंगावर चढवले, की भाषा एकाच शब्दप्रयोगाकडे वळते : 'वेष घेणे'. वेष हा घ्यायचा असतो आणि कार्यभाग उरकला की टाकायचा असतो. मोहिनीला असुरांना भुलवायचे असते, बृहन्नडेला अज्ञातवासाचे वर्ष काढायचे असते, बालगंधर्वांना भामिनी किंवा रुक्मिणी उभी करायची असते. प्रत्येक ठिकाणी वस्त्राला कारण आहे. 'वेषांतर' या शब्दात तर लपण्याचा हेतू गृहीतच धरलेला आहे. ज्याला कोणाला फसवायचे नाही, रंगमंचावरही जायचे नाही, केवळ संध्याकाळी घरात स्कर्ट घालून उत्तरपत्रिका तपासत बसायचे आहे, अशा पुरुषासाठी आपल्याकडे नाव नाही. जी आहेत ती शिवीच्या अंगाने जाणारी. म्हणून 'क्रॉसड्रेसर' हा परका शब्द आम्ही नाइलाजाने वापरतो.

आम्ही दोघे पती-पत्नी मराठी शिकवतो, आणि आमच्यातला पुरुष क्रॉसड्रेसर आहे. तो स्वतःला पुरुषच मानतो; त्याला बाई व्हायचे नाही, बाईचे कपडे हवे असतात. लग्नानंतर काही वर्षांनी हे आमच्या घरात बोलले गेले, तेव्हा आमच्यातल्या स्त्रीने पहिली हरकत घेतली ती नीतीची नव्हती, कपाटाची होती. 'माझ्या कपड्यांना हात लावायचा नाही,' एवढेच ती म्हणाली. ही हरकत रास्त होती. पण मग कपडे आणायचे कोठून? पुण्यातल्या दुकानात पुरुषाने एकट्याने कुडता मागितला, की 'वहिनींचं माप काय?' हा प्रश्न प्रेमानेच येतो, आणि त्याचे उत्तर खोटे द्यावे लागते. घालून पाहण्याचा तर प्रश्नच नाही.

२०१८-१९ मध्ये अभ्यासाच्या निमित्ताने आम्ही लंडनच्या दक्षिणेकडील एका उपनगरात राहिलो. तेथे आम्हांला चॅरिटी शॉप ही संस्था कळली. लोकांनी दिलेल्या जुन्या वस्तू विकून एखाद्या धर्मादाय कार्यासाठी पैसा उभा करायचा, ही तिची साधी कल्पना. १९४२ मध्ये ग्रीसमधील दुष्काळपीडितांसाठी ऑक्सफर्डमध्ये स्थापन झालेल्या समितीतून पुढे ऑक्सफॅम उभी राहिली. तिने १९४०च्या दशकाच्या अखेरीस ब्रॉड स्ट्रीटवर दुकान थाटले आणि ही रीत देशभर रुजली. मुख्य रस्त्यावर अशी चार-सहा दुकाने हमखास असतात. माल देणगीचा, काउंटरवर बहुधा स्वयंसेवक, स्थानिक करात ८० टक्के सूट. त्यामुळे नवा घेतला तर चाळीसेक पौंडांना पडेल असा लोकरी स्कर्ट आम्हांला ५ पौंडांत मिळाला.

स्वस्ताई ही मोठीच गोष्ट. पगारी रजेवरच्या प्राध्यापकाला ती मोठी वाटली नाही तर नवल. पण क्रॉसड्रेसरला स्वस्ताईचा आणखी एक उपयोग असतो : चुकायला परवानगी मिळते. आपल्या अंगाला काय शोभते हे मुलींना आई, मावशी, मैत्रिणी मिळून वर्षानुवर्षे शिकवतात. हे शिक्षण चाळिशीत आणि एकट्याने घ्यायचे, तर वाया जाणारे कपडे स्वस्त असलेले बरे. आमचे निष्कर्ष येथे नोंदवतो. पट्टीवरच्या आकड्यावर विसंबू नये. एका कंपनीचा १६ दुसरीच्या १४ एवढा असतो, आणि जुन्या कपड्यांवरचे आकडे आजच्यापेक्षा लहान मापाचे असतात. खांदे, छाती, कंबर टेपने मोजून कागद खिशात ठेवावा. पुरुषाच्या खांद्यांवर शिवणी ताणल्या जातात आणि बाह्या मनगटाच्या वर राहतात, म्हणून पाऊण बाह्या घ्याव्यात. कमरेशी गुंडाळून बांधायचा झगा बहुतेकांना सामावून घेतो. बायकांचे बूट साधारण ८ क्रमांकापर्यंतच मिळतात, म्हणून बुटांची आशा धरू नये. शर्टाची बटणे उलट्या बाजूला असतात. पहिले काही दिवस बोटे अडखळतात.

कपडे घालून पाहण्यासाठी तेथे बहुधा एकच खोली असते, पडदा लावलेली, सर्वांसाठी एकच. सुरुवातीला आम्ही ठरवून एकत्र जात असू; हँगर स्त्रीच्या हातात असे आणि तो तिच्या अंगाला लावून आम्ही अंदाज घेत असू. म्हणजे येथेही कारण होतेच : ती स्वतः. एका सोमवारी काउंटरवरच्या सत्तरीच्या बाईंनी आमचा हा खेळ थोडा वेळ पाहिला आणि थेट पुरुषाकडे वळून सांगितले, की खोली मोकळी आहे, या स्कर्टची चेन जरा अडकते, हळू ओढा. एवढे बोलून त्या पुस्तकांना किमतीच्या चिठ्ठ्या लावू लागल्या. पुढच्या खेपेपासून तो एकटा जाऊ लागला. आमच्यातल्या स्त्रीला त्या दिवशी हायसे वाटले, आणि थोडे वाईटही. ती कारण म्हणून उभी होती याचा तिला शीण झाला होता, हे तिला तेव्हा कळले.

इंग्लंडचे उदात्तीकरण आम्हांला करायचे नाही. तेथेही नाताळच्या सुमारास पँटोमाइममध्ये पुरुषाने बाई होऊन हसवायचे, ही सूट रंगमंचापुरतीच असते. २००३ मध्ये ग्रेसन पेरी या कलावंताने टर्नर पारितोषिक झगा घालून स्वीकारले, तेव्हा त्याच्या कुंभारकामाइतकीच चर्चा झग्याची झाली. जुन्या कपड्यांच्या दुकानाची गोष्ट मात्र निराळी आहे. तेथला प्रत्येक कपडा आधी कोणीतरी उतरवलेला असतो. तो कोणासाठी शिवला होता, हा प्रश्न तेथे निकालात निघालेला असतो.

नेहमीच नव्हे, अर्थात. एकदा कठड्यावर एकाच मापाचे, एकाच आवडीचे सात-आठ कपडे ओळीने लागलेले दिसले. त्यांतल्या एका निळ्या कार्डिगनच्या गळ्याशी नावाची कापडी पट्टी शिवलेली होती. वृद्धाश्रमात धुण्यात गोंधळ होऊ नये म्हणून अशा पट्ट्या लावतात. बाई बहुधा गेल्या होत्या आणि त्यांचे कपाट रिकामे झाले होते. आपल्याकडे गेलेल्या माणसाचे कपडे देऊन टाकतात. ते घेणाऱ्याच्या बाजूने आम्ही कधी विचार केला नव्हता. पुरुष कार्डिगन परत ठेवू लागला. स्त्रीने ते घेतले, घरी आणून पट्टीची शिवण ब्लेडने उसवली आणि पट्टी फेकून न देता तिच्या सुईदोऱ्याच्या डबीत ठेवली. का, ते तिने सांगितले नाही. आपल्या कपाटाला हात लावू न देणारी हीच बाई, हे आम्हां दोघांच्याही लक्षात होते.

परतताना सामानाच्या वजनाची मर्यादा होती. चार कपडे आणले, बाकीचे त्याच दुकानात देऊन आलो. आपल्याकडे जुन्या कपड्यांचा व्यवहार नाही असे नाही. बोहारीण दारात येते, साड्यांवर भांडी देते, आणि त्या साड्या पुढे बाजारात जातात. पण तो व्यवहार देण्याचा. मध्यमवर्गीय माणूस त्या बाजारात घ्यायला जात नाही. २०१४ च्या 'नालसा' निकालात सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथीयांच्या संदर्भात पोशाख हा लिंगभावाच्या अभिव्यक्तीचा भाग मानला आणि तिला संविधानाच्या एकोणिसाव्या कलमाचे संरक्षण असल्याचे म्हटले. आम्ही तो निकाल वाचला आहे, विद्यार्थ्यांपुढे मांडलाही आहे. घरातल्या कपाटात आता एक कप्पा वेगळा आहे, आणि त्याला कुलूप नाही. मात्र निळे कार्डिगन आणि तो लोकरी स्कर्ट धुतल्यावर आम्ही गच्चीत वाळत घालत नाही. ते मधल्या खोलीत, पंख्याखाली, दोरीवर वाळतात. पावसाळ्यात दोन दिवस लागतात.