खेळाडू आधी विद्यार्थी



यंदा तिमाही परीक्षेचा निकाल आणि संभागीय फुटबॉल स्पर्धा एकाच आठवड्यात आले. आमच्या संघातला सर्वात चपळ मुलगा गणित व इंग्रजी, दोन्हींत नापास. त्याचे वडील कार्यालयात येऊन म्हणाले, "सर, एवढ्या वेळेस सांभाळून घ्या. त्याचे जे काही व्हायचे ते खेळातच होईल." आम्ही त्यांना दुसऱ्या दिवशी यायला सांगितले.

त्या रात्री एक जुनी गोष्ट आठवत राहिली. काही वर्षांपूर्वी अशाच एका गुणी खेळाडूला आम्ही कृपांक देऊन पुढे ढकलले होते. पुढे तो नोकरीचा अर्ज घेऊन आमच्याकडेच आला. "सर, तुम्हीच भरून द्या," म्हणाला. अर्ज हिंदीत होता. आम्ही स्वतः हिंदी माध्यमातून शिकलो, अर्ज सहज भरून दिला. पण मान वर करवेना.

अमेरिकेत हा प्रश्न फार मोठा आहे. तिथला फुटबॉल म्हणजे अंडाकृती चेंडू हातात घेऊन धावण्याचा खेळ. विद्यापीठे शाळांतली मुले हेरतात व शिष्यवृत्ती देऊन बोलावतात. डेक्स्टर मॅनली हा विद्यापीठात चार वर्षे खेळून पुढे नामांकित व्यावसायिक खेळाडू झाला. 1989 मध्ये त्याने सिनेटच्या समितीपुढे सांगितले, की आपण महाविद्यालयातून बाहेर पडलो तेव्हा आपल्याला वाचता येत नव्हते. वाचायला तो प्रौढपणी शिकला.

तिथल्या एनसीएए या क्रीडासंघटनेने 1983 मध्ये एक नियम मंजूर केला व 1986 पासून तो लागू झाला. शाळेतल्या 11 मुख्य विषयांत 4 पैकी सरासरी 2 गुणांक हवा, शिवाय एसएटी परीक्षेत 1600 पैकी 700 किंवा एसीटीत 15 गुण. नाहीतर पहिल्या वर्षी सामने खेळता येणार नाहीत. यावर वादही झाला. गरीब शाळांतल्या कृष्णवर्णीय मुलांना याचा फटका अधिक बसला. शिष्यवृत्तीच बंद करणारा आणखी कडक नियम आला, तेव्हा जॉर्जटाउनचे बास्केटबॉल प्रशिक्षक जॉन थॉम्पसन 1989 मध्ये निषेध म्हणून सामना सोडून निघून गेले. त्यांचे म्हणणे चूक नव्हते. ज्याला नीट शिकवलेच नाही, त्याला दार बंद करणे हा न्याय नव्हे.

पुढे नियम बदलत गेले. आता वरच्या श्रेणीच्या विद्यापीठांसाठी 16 मुख्य विषय व सरासरी 2.3 गुणांक लागतो. त्यांतले 10 विषय बारावी सुरू होण्याआधी पूर्ण करावे लागतात. प्रवेश परीक्षेची अट 2023 मध्ये काढली. म्हणजे एका दिवसाच्या परीक्षेपेक्षा चार वर्षांच्या अभ्यासाला मान मिळाला.

टोनी राइस या खेळाडूला याच नियमामुळे 1986 चा हंगाम बाहेर बसावे लागले. 1988 मध्ये त्यानेच नॉत्र दाम विद्यापीठाच्या संघाला राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिले. थांबवणे म्हणजे काढून टाकणे नव्हे.

दुसऱ्या दिवशी आम्ही त्या वडिलांना सांगितले, मुलगा ही स्पर्धा खेळणार नाही, पण सराव रोज करेल, आणि सरावाआधी एक तास गणित व इंग्रजीचे शिक्षक त्याला घेऊन बसतील. ते काही न बोलता उठून गेले. संघ उपांत्य फेरीत हरला. परतताना बसमध्ये मुले आमच्याशी बोलत नव्हती. तो मुलगा मात्र दुसऱ्या दिवशी वही घेऊन वेळेवर हजर होता. त्याच्याबरोबर आणखी दोघे आले होते, तेही संघातलेच.

अर्धवार्षिक परीक्षेत काय होईल ते पाहू. पालकांनो, मुलाच्या ढालीबरोबर त्याची वहीही बघत चला. विश्वस्त मंडळास विनंती, की मैदानाकडची एक खोली रोज संध्याकाळी उघडी ठेवण्यास परवानगी द्यावी. नियम आम्ही केला आहे, तर शिकवण्याची जबाबदारीही आमचीच.

आपले,
प्राचार्य