बेगमपेठेतले तारे

हैदराबादच्या बेगमपेठेत अर्थशास्त्र-समाजशास्त्राचा अभ्यास करणाऱ्या एका संस्थेच्या आवारात निजामिया वेधशाळेचा जुना घुमट आहे. भोवती रहदारी, आणि रात्री इतका झगमगाट की ठळक तारेही हुडकावे लागतात.

नवाब जफर जंग यांना आकाशाचे वेड होते. इंग्लंडहून त्यांनी पंधरा इंची दुर्बीण आणवली आणि १९०१ साली स्वतःच्या जागेत वेधशाळा थाटली. त्यांच्या पश्चात १९०८ मध्ये ती निजाम सरकारने घेतली, पुढे बेगमपेठेत आणली, १९१९ मध्ये उस्मानिया विद्यापीठाच्या स्वाधीन केली. मराठवाडा तेव्हा याच राज्यात होता. म्हणून ही वेधशाळा मला परकी वाटत नाही.

मला ओढ आहे ती मात्र नवाबी हौसेपेक्षा इथल्या चिवट कामाची. साऱ्या आकाशाची छायाचित्रे घेऊन ताऱ्यांची सूची करायची, असे १८८७ मध्ये पॅरिसला ठरले आणि देशोदेशीच्या वेधशाळांनी आकाशाचे पट्टे वाटून घेतले. चिलीतल्या सांतियागोला जो पट्टा झेपला नाही, तो हैदराबादने उचलला: खगोलीय विषुववृत्ताच्या दक्षिणेकडचे १७ ते २३ अंश. त्यात अनुराधेचे दोन ठळक तारे येतात, हस्ताचेही काही. तोच हस्त, ज्याच्या पावसाची आपला शेतकरी वाट पाहतो. मग पॉट्सडॅमचे अपुरे राहिलेले उत्तरेकडचे ३६ ते ३९ अंशही घेतले, अभिजित जिथे आहे तिथले.

आठ इंची दुर्बिणीवर काचेच्या प्लेटा घ्यायच्या, प्रत्येकीवर बारीक चौकटी, आणि सूक्ष्मदर्शकातून एकेका ठिपक्याची जागा मोजून वहीत उतरवायची. टी. पी. भास्करन यांनी १९१८ पासून १९४४ पर्यंत ही वेधशाळा सांभाळली. साडेसात लाखांहून अधिक तारे मोजले गेले, सूचीचे बारा खंड निघाले. असे काम करणाऱ्याला शोधाचे श्रेय मिळत नाही. उद्याही तेच आकडे असतात. तरी ते झाले, याचे मला फार अप्रूप आहे.

शहराचा उजेड वाढला तसे विद्यापीठाने निरीक्षणाचे काम शहराबाहेर जपाल-रंगापूरला नेले. १९६८ मध्ये तिथे ४८ इंची दुर्बीण बसली. १६ फेब्रुवारी १९८०चे खग्रास ग्रहण तिथूनच पाहिले गेले.

बेगमपेठेतले ते जुने आकडे मात्र वाया गेले नाहीत. तारा किती सरकला हे कळायला त्याची जुनी जागा ठाऊक असावी लागते, आणि ती कुठलाही उपग्रह मागे जाऊन मोजू शकत नाही. हिप्पार्कस उपग्रहाने घेतलेल्या नोंदींना या जुन्या सूचींची जोड दिली, तेव्हा २००० साली टायको-२ ही यादी तयार झाली. तिच्यातल्या सुमारे पंचवीस लाख ताऱ्यांच्या गती काढताना हैदराबादच्या त्या वह्यांतले आकडेही कामी आले.