जोगीणबाईंचा मुक्काम

कुत्रे पाळणाऱ्याला आपल्या समाजात प्रतिष्ठा आहे. मांजर पाळणाऱ्याला निदान सहानुभूती तरी मिळते. पोपट पाळणाऱ्याच्या घरी शेजारची मुले जमतात. पण 'मी किडा पाळला आहे' असे कुणी म्हटले, की समोरचा माणूस नकळत दोन पावले मागे सरकतो आणि मग हळूच विचारतो, "घरचे काही बोलत नाहीत?"

बोलतात तर! पण बोलता बोलता सवय होते. आमच्या घरात गेल्या पावसाळ्यात जवळजवळ चार महिने एक प्रार्थनाकीटक राहत होता; खरे तर राहत होती. अंगणातल्या जास्वंदीच्या फांदीला वाळलेल्या फेसासारखा एक कोष चिकटलेला होता. जूनमध्ये एका सकाळी त्यातून मुंगीएवढी पिल्ले धाग्याला लोंबकळत बाहेर पडली. शेकड्याने असावीत. सगळी एकत्र ठेवली तर ती एकमेकांनाच खातात, म्हणून मी त्यांतले एकच घेतले आणि काचेच्या बरणीत ठेवले. पुढचे दोन पाय जोडून, मान तिरकी करून ते बसले, तेव्हा आजी म्हणाली, "अगदी जोगीण बसलीय जपाला!" तेव्हापासून ती जोगीणबाई.

हा जप कशाचा असतो, ते माशीला विचारावे. त्या जोडलेल्या हातांना आतून करवतीचे दाते असतात, आणि झडप इतकी जलद की आपल्याला दिसते ती फक्त हातात आलेली माशी. तरी माणसांनी तिला सोवळे नेसवलेच. 'मँटिस' हा मूळचा ग्रीक शब्द. त्याचा अर्थ भविष्य सांगणारा, द्रष्टा. शास्त्रज्ञ मात्र तिला झुरळांची आणि वाळवीची जवळची नातेवाईक मानतात. ही माहिती मी आईपासून बरेच दिवस लपवून ठेवली होती.

तिच्या अंगाची रचना पाहिली की अचंबा वाटतो. डोळे पाच: दोन मोठे आणि त्यांच्यामध्ये तीन बारीक. मान वळवून ती खांद्यावरून मागे पाहू शकते. कीटकांत ही कला फार थोड्यांना साधते. कान मात्र एकच, तोही छातीच्या खालच्या बाजूला. तो वटवाघळांचा, आपल्याला ऐकू न येणारा आवाज ओळखण्यासाठी असतो. आपल्याला ऐकू न येणारा असा आवाज त्या कानाला ऐकू येतो, हे दोन अमेरिकन संशोधकांनी १९८६ मध्ये दाखवून दिले. माझा धाकटा भाऊ म्हणाला, "बरंय तिचं, मास्तरांना पिळायला एकच कान!"

पण वटवाघळाला चुकवणारा कान आपल्या घरातल्या संकटांपुढे काय करणार? घर ही माणसासाठी बांधलेली जागा आहे. एका बोटाएवढ्या प्राण्याच्या नजरेने पाहिले, की ते अरण्याहून भयंकर दिसू लागते. वर पंखा गरगरत असतो. भिंतीवर ट्यूबलाइटच्या मागे पाल दबा धरून असते. बरणीत माशीचा एखादा पंख जरी उरला तरी रात्रीतून मुंग्यांची रांग लागते, आणि मुंग्या जिवंत-मेलेले पाहत नाहीत. म्हणून मी बरणी पाण्याने भरलेल्या परातीत, उपड्या वाटीवर ठेवायची आणि उष्टे रोज संध्याकाळी काढायची. खिडकीतले कोवळे ऊन आपल्याला सुखाचे वाटते. काचेच्या बरणीत त्याची भट्टी होते. पाण्याची वाटी आत ठेवली तर बुडायची भीती, म्हणून कापडावर चार थेंब शिंपडायचे. ती ते चाटून पिते.

सर्वांत नाजूक काळ कात टाकण्याचा. अंगाला घट्ट झालेली कातडी सोडताना ती उलटी लटकते आणि वजनाच्या आधाराने खाली सरकत नव्या अंगाने बाहेर येते. त्यासाठी वर पायाची पकड बसेल असे काहीतरी हवे आणि खाली तिच्या लांबीच्या तिप्पट तरी मोकळी जागा हवी. म्हणून बरणीच्या तोंडाला झाकण नाही, तर सुतळीने बांधलेले जाळीचे फडके. त्या वेळी कुणी बरणी हलवली आणि ती खाली पडली, तर पाय वाकडे होतात, कधी जीवच जातो. म्हणून तिने खाणे सोडले, की बरणीवर मी चिठ्ठी लावीत असे: 'उपवास चालू आहे. हात लावू नये.' आजी ती चिठ्ठी फार मनापासून पाळायची.

या सगळ्यांहून मोठा वैरी मात्र दिसत नाही. डासांची वेटोळी उदबत्ती, प्लगमध्ये खोचायची द्रवाची बाटली, झुरळांचा खडू, फवाऱ्याचा डबा या बहुतेकांत एकाच कुळातले विष असते. शेवंतीची नातेवाईक असलेल्या एका पांढऱ्या फुलात हे द्रव्य निसर्गतः सापडते. १९४९ मध्ये त्याचा एक कृत्रिम भाऊ प्रयोगशाळेत तयार झाला, आणि मग त्या कुळाचा विस्तार झाला. ते कीटकाच्या मज्जातंतूंना थांबू देत नाही. आधी थरथर सुटते आणि मग सारे अंग लुळे पडते. माणसाला त्या मानाने त्याचा त्रास फार कमी. पण डास कोण आणि जोगीण कोण, हे त्या वाफेला कसे कळावे? फवारा मारलेल्या खोलीतली माशी खाऊ घातली तरी विष पोटात जाते. म्हणून तिचे जेवण मी अंगणातूनच आणीत असे.

आणि नेमकी सप्टेंबरच्या शेवटी भावाला डेंग्यू झाला.

ताप उतरेना, रक्ताचा अहवाल आला, आणि घराचा चेहराच बदलला. बाबा त्याच संध्याकाळी फवाऱ्याचा डबा आणि प्लगच्या दोन बाटल्या घेऊन आले. इकडे जोगीणबाईंनी तीन दिवस अन्नाला तोंड लावले नव्हते. पाठीवरच्या पंखांच्या कळ्या फुगल्या होत्या. शेवटची कात आज किंवा उद्या पडणार होती. मी बाबांकडे पाहिले. बाबा काही बोलले नाहीत. आई म्हणाली, "हे बघ बाई, आधी माणूस, मग किडा."

आई म्हणाली ते मला पटले होते. तापाने फणफणलेल्या भावाच्या उशाशी बसून किड्याची बाजू मांडणारी मी कोण? पण एकाला वाचवायचे म्हणून दुसऱ्याला मरू दिलेच पाहिजे, हे मात्र मनाला पटेना. मी बरणी उचलली आणि समोरच्या काकूंचे दार वाजवले. काकूंनी बरणी नाकाजवळ धरून पाहिली. "चावत नाही ना? मग राहू दे. देवघरात नको, तिथं धूप-कापूर असतो. स्वयंपाकघरात फोडणीचा धूर. माळ्यावरच्या खोलीत ठेव, तिथं कुणी जात नाही." किड्याची इतकी चौकशी मी आजवर कुणाच्या तोंडून ऐकली नव्हती. त्या रात्री आमच्या घरात फवारा झाला, आणि काकूंच्या माळ्यावर जोगीणबाईंनी कात टाकली.

दोन दिवसांनी आरोग्यसेविका आल्या. त्या म्हणाल्या, "फवाऱ्यानं उडणारा डास मरेल, पण आजचं पाणी आठ-दहा दिवसांत नवा डास देईल." डेंग्यूचा डास दिवसा चावतो आणि साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. कुंड्यांखालच्या बश्या, फ्रिजमागचा ट्रे, पिंप, गच्चीवरचे टायर सारे त्यांनी दाखवले आणि आठवड्यातून एक 'कोरडा दिवस' पाळायला सांगितला. त्या दिवसापासून पाणी ओतायचे काम आजीने अंगावर घेतले. खिडक्यांना जाळी आली. भाऊ दिवसाही मच्छरदाणीत झोपू लागला. बाटल्या तशाच कपाटात राहिल्या. गल्लीत धूरफवारणीची गाडी येते तेवढीच आता खिडक्या लावण्याची घाई असते. परातीतले पाणीही रोज बदलले जाऊ लागले, हे सांगायला नकोच.

ताप उतरल्यावर भावाने पहिली गोष्ट मागितली ती पेज, आणि दुसरी जोगीण. काकू स्वतः बरणी घेऊन आल्या. हिरव्यागार पंखांची, आमच्या तर्जनीहून लांब अशी ती बाई पाहून तो कितीतरी वेळ गप्प होता. मग म्हणाला, "हिला दहा ठेवू या, सगळे डास खातील." तसे होत नाही. ती एवढ्या क्षुल्लक शिकारीने पोट भरीत नाही, आणि डासांचा बंदोबस्त हे तिचे कामही नव्हे. ते आपले काम आहे.

पंख फुटल्यावर तिला बरणीत ठेवणे बरे दिसेना. तिचे आयुष्य तसे थोडेच उरले होते, आणि त्यात तिला अंडी घालायची होती. ऑक्टोबरात एका संध्याकाळी भावानेच तिला जास्वंदीवर सोडले. ती दोन पावले चालली, थांबली, मान वळवून आमच्याकडे पाहिल्यासारखे केले आणि पानाआड गेली. पुढे पाल, कावळा, वटवाघूळ हे तिचे तिनेच पाहायचे होते. त्या संकटांसाठी तिला डोळे, पाय आणि तो एकुलता एक कान मिळालेला आहे. बाटलीतल्या वाफेसाठी मात्र काहीच मिळालेले नाही. त्या बाबतीत ती सर्वस्वी आपल्यावर अवलंबून आहे.

दिवाळीच्या आधी बाग साफ करायला माणूस आला, तेव्हा त्याच्या पाठीवर औषधाचा पंप होता. आजी काठी टेकत अंगणात गेली आणि म्हणाली, "बाकीचं काय ते बघ. त्या जास्वंदीला हात लावायचा नाही."