नेम

"या पोराचा काही नेम नाही," असे ज्याच्या वडिलांना मी एकदा ऐकवले होते, तोच लष्करात नेमबाज होऊन आज मला रायफल धरायला शिकवीत होता. मी पालथा पडलो. ३०० मीटरवरच्या लक्ष्यातले दहा गुणांचे वर्तुळ अवघे १०० मिलिमीटरचे! चाळिशी लागलेल्या डोळ्यांना नळीच्या टोकाची माशी आणि लक्ष्य एकदम स्पष्ट दिसेनात.

"सर, लक्ष्य पुसट राहू द्या. माशी तेवढी स्पष्ट ठेवा."

बार झाला. खांदा ठणकला, कागद कोराच. तो हसला नाही. त्याने दुसरी गोळी पुढे केली.

वीस वर्षे मी निकालावर डोळा ठेवून शिकवले. जवळचे पोर मात्र पुसटच राहिले.