तान्ह्या पोळ्याचा नंदी

3 ऑगस्ट
सुतारभाऊंनी चाकांवरचा नंदी आणून दिला. शिवणीचं फिकट लाकूड आहे, त्यावर रंग खुलून दिसेल. बाजारातले नंदी ऑइलपेंटनं इतके माखलेले असतात की लाकडाची एक रेष दिसत नाही. भाचीचा नंदी मी घरच्या रंगांनीच रंगवणार. भाऊ जाताना म्हणाले, "ताई, पहिले ओल्या फडक्यानं पुसा, वाळू द्या, मंग पॉलिशपेपर मारा." पाणी लागलं की कूस उभी राहते. ती आधीच घासून काढली की रंग लावल्यावर खरखर राहत नाही.

6 ऑगस्ट
उरलेल्या ढलप्यांवर नमुने केले. हळद पाण्यात नीट विरघळत नाही, म्हणून स्पिरिटमध्ये भिजवून गाळली. जर्द पिवळी चढली. तिच्या एका कोपऱ्यावर चुन्याची निवळी फिरवली, तर तेवढा कोपरा जागच्या जागी तांबडा! कुंकू हळदीपासून असंच होतं. कात उकळून लावला, त्यावरही निवळी दिली. रंगलेल्या विड्याचा तांबूस तपकिरी रंग आला. बिटाचा गुलाबी सगळ्यांत देखणा. सगळ्या नमुन्यांचा अर्धा भाग पुठ्ठ्यानं झाकून खिडकीत ठेवले.

लोखंडी खिळे व्हिनेगरमध्ये टाकलेत. आत वायू तयार होतो, त्यामुळे बरणीचं झाकण सैल.

12 ऑगस्ट
आज शिंगं आणि खूर. आधी हिरड्याच्या पुडीचा काढा लावून वाळू दिला, मग खिळ्यांचं गाळलेलं पाणी. हे पाणी दिसायला अगदी फिकट, पण ब्रश पुढे सरकतो तसं मागचं लाकूड करडं होतं, मग निळसर, आणि बघता बघता काळंभोर. लोखंड आणि हिरड्यातलं टॅनिन यांचा हा रंग लाकडाच्या आतच तयार होतो, वर थर बसत नाही. बाभळीला हिरडा लागलाही नसता, तिच्यात टॅनिन मुळातच भरपूर. कलमकारीतला काळाही लोखंडाचाच, तिथे ते गुळाच्या पाण्यात मुरवतात.

17 ऑगस्ट
पुठ्ठे काढले. बिट मळकट पडलंय, हळद उतरलीय, कात जसाच्या तसा. म्हणून अंगाला कात. झूल मात्र हळदीचीच. ती उडणार हे ठाऊक आहे, पण पोळ्याला तो पिवळा हवाच.

20 ऑगस्ट
दुपारी उघडीप मिळाली, लगेच चपडा लाख लावायला घेतली. दमट हवेत लाख पांढुरकी पडते. ती स्पिरिटमध्ये विरघळवलेली, आणि हळदही स्पिरिटमध्ये सुटणारी. झुलीवर ब्रश दोनदा फिरला तर पिवळा रंग पायांपर्यंत ओघळेल. तिथे एकाच दिशेनं, एकच हात. तो वाळल्यावर मग दुसरा. आसाला आणि चाकांच्या भोकांना लाख लावली नाही. तिथे चिकटली तर नंदी चालायचा नाही.