निराळा साचा

बदलीच्या गावी शेजारी हेच सगेसोयरे होतात. पण त्या नात्याची कसोटी लागते ती ताटावर. कलकत्त्यास आमच्या शेजारच्या अँग्लो-इंडियन बाई दर नाताळला लाल जेली करीत. जिलेटीन निघते जनावरांच्या हाडाकातड्यांपासून. त्यामुळे माझी आई ती वाटी हाती घेई आणि नुसती हसून खाली ठेवी.

एका वर्षी बाईंनी तिच्यासाठी चायना ग्रासची जेली निराळ्या साच्यात लावली. समुद्रातील शेवाळापासून होणारा हा पदार्थ पाण्यात पुरता उकळून विरघळवावा लागतो. मग त्यात साखर व संत्र्याचा रस मिसळतात. जिलेटीनला गोठण्यास चांगलाच गारवा लागतो, आणि उष्म्यात ते पाघळते. चायना ग्रास मात्र ३५ ते ४० अंशांच्या सुमारासच गोठते आणि सुमारे ८५ अंशांपर्यंत वितळत नाही.

त्यासाठी बाईंनी पातेलेदेखील कोरे आणले होते. ही गोष्ट त्यांनी स्वतः सांगितली नाही. ती आम्हांस त्यांच्या मुलीकडून कळली.

आईने चमचा उचलला. "खरवसासारखी सुटते हो!" एवढेच ती म्हणाली. त्या संक्रांतीस तिळगुळाची पहिली वाटी शेजारी गेली.