तांबडीचा खाऊ

आम्ही टेक्ससमध्ये राहतो. मागच्या अंगणात चार कोंबड्या आहेत. दिवस लहान झाले, तशी तांबडीची पिसं गळाली आणि अंडी बंद झाली. नवी पिसं यायला प्रथिनं लागतात, म्हणून बाबांनी ब्लॅक सोल्जर फ्लाय या माशीच्या वाळवलेल्या अळ्या आणल्या. त्यांत साधारण ४० टक्के प्रथिनं असतात म्हणे. मी पिशवी उघडली आणि "ईऽऽ!" करून लांब पळाले.

साताऱ्याहून आलेली आजी हसली. "अगं, गावाला कोंबड्या उकिरडा उकरून काय खातात? वरणभात?"

तिने मूठभर अळ्या टाकल्या. तांबडी धावतच आली!

आता रोज मीच अळ्या टाकते, पण डोळे मिटून. अंडं अजून आलेलं नाही. आजी रोज खुराड्यात वाकून बघते. शनिवारी तिचं विमान आहे.